ल्युकेमियाच्या उपचारांतील मूल गावी आणताना : कोकणातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

ल्युकेमियाला आपल्याकडे सरसकट ब्लड कॅन्सर म्हणतात. त्याचे सुरुवातीचे जोरकस उपचार झाल्यावर डॉक्टर मुलाला गावी नेण्याची परवानगी देतात आणि घरातल्या बहुतेकांना आजारपण मागे पडले असे वाटू लागते. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा पूर्ण उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. त्यातले पहिले काही महिने रुग्णालयात किंवा त्याच्या आसपास राहून केमो घ्यावी लागते, आणि त्यानंतरचा मोठा काळ, ज्याला सगळे मेंटेनन्स म्हणतात, तो मुख्यतः गोळ्यांवर, घरीच पार पडतो. या काळात औषध देण्याचे, लक्षणे ओळखण्याचे आणि वेळेवर निघण्याचे काम घरच्यांवर येते.

कोकणात या कामात अंतराची भर पडते. देवगड, गुहागर किंवा मंडणगडच्या एखाद्या वाडीतून मुलांच्या कर्करोगतज्ज्ञापर्यंत पोहोचायला अनेक तास लागतात, पावसाळ्यात घाटात दरड येते, वीज आणि मोबाइलची रेंज एकाच वेळी जाते. त्यामुळे शहरातल्या पालकांना दिलेल्या सूचना आपल्याला पुरेशा पडत नाहीत. पुढील माहिती तज्ज्ञांच्या सल्ल्याला पूरक आहे. आपल्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

तापाची तयारी, ताप येण्याआधी

सगळ्या कामांत हे काम पहिले करावे. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी. त्या कमी असताना झालेला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. अशा वेळी जखमेत पू होत नाही, घसा लाल दिसत नाही, कारण ही लक्षणे ज्या पेशींमुळे दिसतात त्याच फार थोड्या उरलेल्या असतात. पुष्कळदा ताप ही एकच खूण मिळते.

घरात दोन डिजिटल थर्मामीटर ठेवावेत, म्हणजे एकाची बॅटरी संपली तरी अडचण होत नाही. ताप काखेत मोजावा. गुदद्वारात थर्मामीटर घालू नये आणि त्या मार्गाने एनिमा किंवा औषधही देऊ नये, कारण तिथल्या नाजूक त्वचेला पडलेली बारीक चीर संसर्गाला वाट करून देते. दर तासाला ताप मोजत बसण्याची गरज नाही. त्याने मूल आणि आई दोघेही हैराण होतात. अंग गरम लागले, मूल मलूल झाले, खेळता खेळता येऊन निजले, की मोजावा. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, हा आकडा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ असावा. तेवढा किंवा त्याहून अधिक ताप दिसला की रुग्णालयाला फोन करावा आणि फोन चालू असतानाच निघायच्या तयारीला लागावे. सकाळपर्यंत वाट पाहू, हा विचार या मुलांच्या बाबतीत करू नये, मग बाहेर कितीही काळोख आणि पाऊस असो.

डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने आकडा खाली येतो, आत चाललेला संसर्ग तसाच राहतो आणि घरचे लोक निर्धास्त होतात. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर घरात मुलाच्या औषधांजवळही नसावे, कारण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप नसतानाही काही लक्षणे तितकीच गंभीर मानावीत: हुडहुडी भरणे, हातपाय गार पडणे, श्वास जलद होणे, लघवी कमी होणे, मूल हाक मारूनही नीट जागे न होणे. स्टेरॉइड चालू असलेल्या दिवसांत ताप दबून राहू शकतो, म्हणून त्या दिवसांत मुलाच्या एकंदर रूपाकडे थर्मामीटरपेक्षाही अधिक लक्ष द्यावे. मुलाला पोर्ट किंवा पिक लाईन, म्हणजे औषध देण्यासाठी शिरेत कायम ठेवलेली नळी, बसवलेली असेल आणि ती फ्लश केल्यावर, म्हणजे औषधी पाणी सोडून धुतल्यावर, थोड्याच वेळात थंडी वाजून आली, तर लाईनमध्येच संसर्ग असण्याची शक्यता असते. तेव्हाही लगेच निघावे.

आता प्रश्न कुठे जायचे हा. मुंबईपर्यंत विनाऔषध प्रवास करण्यात मोलाचे तास जातात. प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून, रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत मिळावा, असे सर्वत्र मानले जाते, आणि तो जवळच्या सक्षम रुग्णालयातही देता येतो. म्हणून मुंबई सोडण्याआधी आपल्या तज्ज्ञांकडून एक पत्र लिहून घ्यावे. त्यात मुलाचे निदान, उपचाराचा टप्पा, वजन, ताप आल्यास कोणते प्रतिजैविक किती मात्रेत सुरू करावे, आणि रात्री-अपरात्री बोलता येईल असा विभागाचा क्रमांक असावा. गावी आल्यावर ते पत्र घेऊन, मूल बरे असताना, जवळच्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटावे. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग येथे जिल्हा रुग्णालये आहेत. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. ते औषध तिथे साठ्यात असते का, रात्री मुलांचे डॉक्टर असतात का, रक्तात कोणते जंतू आहेत हे पाहणारी कल्चर तपासणी होते का, हे तीन प्रश्न न संकोचता विचारावेत. कल्चरसाठी रक्त आधी घेतले जावे, पण रिपोर्टसाठी औषध थांबवू नये, एवढे पत्रात स्पष्ट लिहिलेले असले की तिथल्या नवख्या डॉक्टरांनाही निर्णय घेणे सोपे जाते. प्लेटलेट कमी असताना स्नायूत इंजेक्शन देऊ नये, ही ओळही त्यात असावी.

मग रस्ता ठरवावा. वाडीतल्या दोन गाडीवाल्यांना आधीच सांगून ठेवावे आणि त्यांचे क्रमांक भिंतीवर लिहावेत; १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण आडबाजूच्या वाडीत ती पोहोचायला लागणारा वेळ विचारून घ्यावा. खाडीपलीकडे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ यांसारखी फेरीबोट उशिरा रात्री बंद असते, तेव्हा वळशाचा रस्ता आणि त्याला लागणारा वेळ दिवसा एकदा पाहून ठेवावा. पत्र, ताजे रिपोर्ट, चालू गोळ्या, चार कपडे, रोख पैसे आणि रेशनकार्डाची प्रत एका पिशवीत भरून ती दाराजवळच्या खुंटीला टांगावी आणि तिला कोणी हात लावू नये.

गोळ्यांचा क्रम

मेंटेनन्समध्ये साधारणपणे तीन औषधे सतत चालतात. मर्कॅप्टोप्युरीन, ज्याला पालक नुसते एमपी म्हणतात, ते रोज असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. सेप्ट्रान आठवड्यातून ठरावीक दोन-तीन दिवस असते आणि ते न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणारा फुफ्फुसाचा गंभीर आजार टाळण्यासाठी दिले जाते. काही मुलांना याशिवाय महिन्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन आणि पाच दिवसांचे स्टेरॉइड, तसेच ठरावीक अंतराने पाठीतले इंजेक्शन असते.

यातली सर्वांत भयंकर चूक म्हणजे मेथोट्रेक्सेट रोज दिले जाणे. गोळी लहान, पिवळी आणि निरुपद्रवी दिसते. आजी एमपी समजून देते, किंवा कागदावरचे आठवड्यातून हे शब्द कोणी वाचत नाही. काही दिवस सलग दिल्यास तोंड सोलवटते, काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून या गोळ्यांची पट्टी वेगळ्या डब्यात, कपाटाच्या वेगळ्या खणात ठेवावी, डब्यावर ठळक अक्षरांत वार लिहावा, आणि त्या डब्याला घरातल्या एकाच माणसाने हात लावायचा असे ठरवावे. चुकून जादा गोळी गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. त्यावर उतारा असतो, पण तो लवकर द्यावा लागतो.

एमपीची मात्रा मुलाच्या वजन-उंचीवर आणि काउंटवर ठरते, म्हणून सोमवार ते शुक्रवार एक गोळी आणि शनिवार-रविवार दीड, असा चमत्कारिक वाटणारा हिशेब दिला जातो. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिनाभराचा आधीच लिहून काढावा आणि गोळी गिळल्यावर, गिळण्याआधी नव्हे, त्या चौकोनात खूण करावी. संध्याकाळची एक वेळ ठरवावी. तुळशीपाशी दिवा लावण्याची वेळ ज्या घरात पाळली जाते तिथे ती सोयीची पडते. गोळी रिकाम्या पोटी द्यायची की खाण्याबरोबर, दुधाबरोबर चालते की नाही, याबद्दल वेगवेगळ्या रुग्णालयांत वेगळे सांगितले जाते. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली एकच पद्धत कायम ठेवावी. उलटी झाली तर किती वेळेच्या आत झाल्यास पुन्हा द्यायची, हे आधीच विचारून दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. मनाने दुप्पट डोस देऊ नये.

या गोळ्या चुकवण्याची किंमत मोठी आहे. अमेरिकेत मेंटेनन्समधल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत, ज्यांच्या एमपीच्या शंभरातल्या पाचांहून अधिक गोळ्या चुकल्या त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले. महिन्याच्या तीस गोळ्यांत दोन चुकल्या की आपण ती रेषा ओलांडतो. मूल हसत-खेळत असते, केस परत आलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी हलगर्जीपणा शिरतो. माझ्या मते मेंटेनन्समधला खरा धोका हाच आहे.

गोळी मोडावी लागली तर हातमोजे घालून, स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर, वेगळ्या गोळीकटरने मोडावी. पूड करून पाण्यात कालवायची असल्यास रुग्णालयातच पद्धत शिकून घ्यावी. घरातल्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने या गोळ्या, तसेच केमोनंतरच्या दोन दिवसांतली मुलाची उलटी आणि लघवीने भिजलेले कपडे, उघड्या हाताने हाताळू नयेत. ते कपडे वेगळे धुवावेत.

औषधांचा साठा नेहमी किमान दोन-तीन आठवडे पुढचा असावा. ही औषधे तालुक्याच्या दुकानात मिळतीलच असे नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला किंवा जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रस्ते, वीज आणि फोन सगळेच एकदम तुटले होते. मे अखेरीस वाढीव साठा आणून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, तेव्हा वीज जास्त वेळ जाणार असेल तर बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासची सोय असावी. इंजेक्शन बर्फाला थेट चिकटू देऊ नये, कारण गोठले की ते वाया जाते.

रिपोर्ट वाचायला शिकणे

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या तपासणीच्या, कागदावर तीन गोष्टी पाहाव्यात: हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, जिला एएनसी म्हणतात. ती कागदावर दिलेली नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भागावे. पांढऱ्या पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर एएनसी ६०० येते. ५०० च्या खाली आली की संसर्गाचा धोका फार वाढतो आणि मुलाला घराबाहेर गर्दीत नेऊ नये. प्लेटलेट सामान्यपणे दीड लाखाच्या वर असतात. त्या फार खाली गेल्या की अंगावर लाल-जांभळे बारीक ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी अशी लक्षणे दिसतात. अशा वेळी सायकल आणि झाडावर चढणे बंद ठेवून लगेच फोन करावा.

एक बाब अनेक कुटुंबांना आणि कधी कधी गावच्या डॉक्टरांनाही चकवते. मेंटेनन्समध्ये काउंट निरोगी मुलापेक्षा कमीच राहावेत अशी औषधांची मात्रा मुद्दाम ठरवलेली असते. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या म्हणून परस्पर गोळी बंद करू नये आणि त्या वाढल्या म्हणून आनंदाने सुट्टीही घेऊ नये. दोन्ही वेळा रिपोर्ट तज्ज्ञांना पाठवून त्यांच्याकडून मात्रा बदलून घ्यावी. भारतीयांसह आशियाई लोकांत काही जणांच्या एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकात बदल असतो आणि अशा मुलांचे काउंट नेहमीच्या मात्रेनेही खूप खाली जातात. आपल्या मुलाचे असे वारंवार होत असेल तर त्या तपासणीबद्दल विचारावे.

घर, पाणी आणि पावसाळा

मुलासाठी घरातली सर्वांत कोरडी, उजेडाची खोली निवडावी. कौलारू घरात जिथे गळते तिथे भिंतीवर बुरशी धरते, आणि या मुलांना बुरशीचा संसर्ग फुफ्फुसात होऊ शकतो. म्हणून पावसाआधी कौले शाकारून घ्यावीत, जुन्या गाद्या, गोणपाटे, सोडणे, पेंढा आणि लाकूडफाटा त्या खोलीतून हलवावा. भिंत पुसायची असेल, चिरा कापायचा असेल किंवा माळा झाडायचा असेल, तेव्हा मूल दुसऱ्या घरी असावे. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणे बरे. शेणाने सारवलेली जमीन आपल्याला पवित्र आणि थंडगार वाटते, तरी उपचार चालू असेपर्यंत मुलाच्या वावराच्या जागी ती नसावी. शेणात जंतू आणि बुरशीचे बीज दोन्ही असतात. गोठा, खुराडे आणि चुलीचा धूर यांपासूनही मूल दूर राहावे.

विहिरीत ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर टाकत असली तरी मुलाचे पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे. खळखळून उकळी आल्यावर काही मिनिटे तसेच ठेवून, झाकून गार करावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे, भांड्यात हात बुडवू नये. त्याच पाण्याने चूळ भरावी आणि त्यानेच दात घासावेत. व्हाळात, कोंडीत, शेततळ्यात अंघोळ नको. पिक लाईन असेल तर ती कशानेही भिजता कामा नये.

भातलावणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांत लेप्टोचे रुग्ण दरवर्षी आढळतात. उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो, तेव्हा मुलाने चिखलात उतरू नये आणि शेतावरून आलेल्या माणसांनी पाय साबणाने धुऊन, कपडे बदलून आत यावे. अनवाणी चालणे अंगणातही टाळावे. मच्छरदाणी बारा महिने असावी. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या जंगलालगतच्या गावांत, गोचिडीमुळे पसरणारा माकडताप होतो आणि त्याचा हंगाम काजूच्या हंगामाशी जुळतो. तेव्हा मुलाला काजूच्या बागेत नेऊ नये आणि बागेतून आलेल्यांनी अंगावर गोचीड पाहून मगच मुलाला जवळ घ्यावे.

जेवण

मुलाला घरचेच, ताजे, पूर्ण शिजलेले आणि शिजवल्यावर लवकर वाढलेले अन्न द्यावे, एवढा नियम बाकीच्या बहुतेक नियमांना पुरतो. पेज, मऊ भात, मुगाची आमटी, घावणे, नाचणीची खीर, उकडलेले अंडे हे सगळे चालते. मासा ताजा असेल तर बांगड्याची किंवा सुरमईची आमटी उत्तम प्रथिन आहे. तिसऱ्या, कालवे, खुबे मात्र उपचार संपेपर्यंत देऊ नयेत, कारण खाडीच्या पाण्यातले जंतू ते स्वतःत साठवतात आणि आपल्याकडे ते अनेकदा वरवरच शिजवले जातात. सुकी मासळी बुरशी आणि मीठ या दोन्ही कारणांनी टाळावी. सोलकढीसाठी नारळाचा रस कच्चाच वापरला जातो आणि तो लवकर आंबतो. करायची झाल्यास धुतलेल्या नारळाची, उकळून गार केलेल्या पाण्यात, त्याच घटकेला पिण्यापुरती करावी, आणि काउंट खाली असताना नकोच. आंबा, केळे, फणस अशी सालीची फळे धुऊन, घरी सोलून द्यावीत. बाहेरचे कापलेले फळ, बर्फाचा गोळा, भेळ, न तापवलेले दूध देऊ नये. दह्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

स्टेरॉइडच्या दिवसांत मुलाला विलक्षण भूक लागते, तोंड सुजते, रात्री दोन वाजता ते जेवण मागते आणि क्षुल्लक कारणावरून रडते किंवा अंगावर धावून येते. हे औषधाचे काम आहे, मुलाचा स्वभाव बिघडलेला नाही, हे आजोबांपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना सांगावे. या दिवसांत लोणचे, पापड, फरसाण कमी ठेवावे, कारण रक्तदाब वाढतो. गोडही बेताने द्यावे. मेथोट्रेक्सेटनंतर तोंड आले तर मऊ ब्रशने दात घासावेत, मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि तिखट बंद ठेवावे. व्हिन्क्रिस्टिनने शौचाला कडक होते आणि पायांतली ताकद कमी होते. मूल चालताना पाऊल घासत असेल किंवा जिना चढताना हाताने रेटा देत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावे.

लोक प्रेमाने गुळवेल, काढे, भस्मे, कोणाला तरी गुण आलेले गावठी औषध आणून देतात. देवाला गाऱ्हाणे घालण्यास कोणाचीच हरकत नाही, पण पोटात जाणारी कोणतीही गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि एमपी व मेथोट्रेक्सेट ही दोन्ही औषधेही यकृतावर ताण देतात. फॉलिक आम्ल असलेले टॉनिकही परस्पर देऊ नये. ते मेथोट्रेक्सेटच्या कामाच्या आड येते.

माणसे, सण, शाळा आणि लसी

आजारी मुलाला बघायला न येणे आपल्याकडे माणुसकीला सोडून मानले जाते, त्यामुळे येणाऱ्यांना थांबवण्याचे काम अवघड जाते. ते आईवर टाकू नये. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने ओटीवर बसून ते करावे. काकी, पोराचे काउंट कमी आहेत, आपण इथेच बसू, असे मोकळेपणाने सांगितले की बहुतेक जण समजून घेतात. सर्दी-खोकला असलेल्यांना तर उंबऱ्याच्या आत घेऊच नये. घरातल्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. गणपतीला चाकरमानी येतात आणि घर भरते. त्या दिवसांत मुलाची खोली वेगळी ठेवावी, आरतीला त्याला खिडकीपाशी किंवा मास्क लावून मागे बसवावे, आणि गडबडीत संध्याकाळची गोळी चुकू नये म्हणून फोनचा गजर लावावा. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा दर्शन अंगणातून घेता येते. गुलाल आणि होळीचा धूर मात्र टाळावा.

कांजिण्या आणि गोवर हे या मुलांसाठी अतिशय धोक्याचे आजार आहेत. पुष्कळ घरांत कांजिण्या देवीच्या मानून त्याबद्दल बाहेर बोलत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांना आणि शाळेतल्या बाईंना आधीच विनंती करून ठेवावी की कोणाच्याही अंगावर पुरळ उठले तर लगेच कळवा. संपर्क आल्यापासून शक्यतो चार दिवसांच्या आत कांजिण्यांविरुद्ध तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते किंवा विषाणूविरोधी औषधाचा विचार होतो, म्हणून पुरळ येण्याची वाट पाहू नये. गोवराच्या संपर्कानंतरही तसेच त्याच दिवशी फोन करावा.

उपचार चालू असताना मुलाला गोवर-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे पोलिओ अशा जिवंत लसी देत नाहीत. घरातल्या लहान भावंडांनाही तोंडावाटे पोलिओऐवजी इंजेक्शनची लस देता येते का, हे विचारावे. बाकीच्या लसी भावंडांना वेळेवर द्याव्यात आणि घरातल्या सर्वांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. आशाताई आणि आरोग्यसेविका यांना उपचाराची कल्पना असावी, आणि शाळेच्या दप्तरात डॉक्टरांची चिठ्ठी असावी, म्हणजे शाळेतल्या लसीकरणात किंवा जंतनाशक गोळ्यांच्या दिवशी कोणी अजाणता काही देणार नाही.

डॉक्टरांनी होकार दिला की मेंटेनन्समध्ये मुलाला शाळेत पाठवावे. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे गुरुजींनी वर्गाला सांगितले तर मुलाच्या शेजारची जागा रिकामी राहत नाही. भावंडांनाही तेच सांगावे. आपल्या भांडणामुळे ताई आजारी पडली, असे लहान मुले मनात धरून बसतात आणि कोणाला बोलत नाहीत.

तपासणीचा प्रवास आणि खर्च

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री एसीमध्ये तिकिटात पूर्ण सवलत आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते; त्यासाठीचा अर्ज रुग्णालयातून भरून, शिक्का मारून घ्यावा. एसटीतही कर्करुग्णांसाठी सवलत आहे. टाटाच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्राला जाणाऱ्यांनी पनवेलला उतरावे, परळच्या टाटा रुग्णालयासाठी दादर सोयीचे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाले की गाड्या हळू धावतात, तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशीच पोहोचावे. डब्यात मुलाला मास्क, वरचा किंवा खिडकीचा बर्थ आणि घरचा डबा द्यावा. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची विनामूल्य निवासस्थाने आहेत. नाव नोंदवण्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद तोच विभाग पाहतो. रेशनकार्ड आणि आधारवरची मुलाच्या नावाची अक्षरे जुळत नसतील, तर ती दुरुस्ती पहिल्याच महिन्यात तहसीलमधून करून घ्यावी, कारण मंजुरी पुष्कळदा तिथेच अडकते.

गोळ्या संपल्यानंतर

शेवटची गोळी झाल्यावर सेप्ट्रान आणखी काही महिने चालू राहते आणि तापाचा नियम डॉक्टर सांगेपर्यंत तसाच पाळायचा असतो. तपासण्या आधी वारंवार, मग हळूहळू लांब अंतराने होतात. या काळात अकारण फिकटपणा, पुन्हा पुन्हा ताप, हाडे दुखणे, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, मानेतल्या गाठी, मुलग्यांमध्ये अंडकोषाला न दुखणारी सूज, यांपैकी काही दिसले तर तारखेआधीच जावे. खुबा किंवा गुडघा दुखून मूल लंगडू लागले तर स्टेरॉइडचा हाडावर परिणाम झाला आहे का, हे तपासावे लागते. लसी पुन्हा सुरू करण्याची वेळ साधारण सहा महिन्यांनी येते; कोणत्या लसी नव्याने द्यायच्या, त्याची यादी तज्ज्ञांकडून लिहून घेऊन आरोग्य केंद्रात द्यावी.

रुग्णालयातून उपचाराचा पूर्ण सारांश मागून घ्यावा. कोणती औषधे दिली, हृदयावर परिणाम करू शकणाऱ्या डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिनची एकूण मात्रा किती झाली, मेंदूला रेडिएशन दिले का, किती वेळा रक्त चढवले, हे त्यात असावे. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी पुढे किती वर्षांनी करायची, हे त्यावरून ठरते आणि मूल मोठे होऊन नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनाही तो कागद लागतो. त्याची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून घरच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी, एक फोनमध्ये, आणि एक मामाकडे किंवा आत्याकडे, जिथे पुराचे पाणी येत नाही अशा घरी.